तांबडीचं काम

जयू मेस्त्रींनी कुणाचीही गाडी पहिल्या दिवशी उघडली नाही. गाडी आली की हात पुसत बाहेर यायचे, मालकाला म्हणायचे, "तू चलव, मी बसतंय," आणि डावीकडच्या सीटवर डोळे मिटून बसायचे. कसालच्या तिठ्यापासून दोन-तीन किलोमीटर जायचं आणि परत यायचं. तेवढ्यात मालकाने तोंड उघडलं तर मेस्त्री डोळे न उघडता म्हणायचे, "तू गप. तिका बोलूक दी." परत आल्यावर "उद्या हाड", म्हणजे उद्या घेऊन ये, म्हणून मोकळे. "आज वळख, उद्या काम," हा त्यांचा कायदा. घाईच्या माणसांना तो पटत नसे. ती हायवेवर दुसरीकडे जायची आणि महिन्याभराने तीच गाडी घेऊन इथेच यायची. तेव्हाही मेस्त्री पहिल्या दिवशी बॉनेटला हात लावत नसत.

त्यांच्या गॅरेजला लागून माझं दुकान. झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म, आणि वेळ पडली तर फॉर्म भरायला आलेल्या नवरा-बायकोची भांडणं सोडवणं. मधे एक पत्र्याची भिंत. एकवीस वर्षं त्या पत्र्यातून जे ऐकू आलं, त्यावरून मी मेस्त्रींना ओळखते. स्वतःबद्दल ते कधी बोलले नाहीत. मी विचारलं असतं तर "वयनी, झेरॉक्स काढा" एवढंच म्हणाले असते.

अंगाने काटकुळे, भुवया मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या. संध्याकाळी काम आटोपलं की मूठभर साखर आणि खोबरेल घेऊन पंधरा मिनिटं हात चोळत बसायचे. ग्रीस त्यानेच निघतं, साबणाने नाही, असं त्यांचं म्हणणं. मालतीवहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, होत्या तोवर ह्यावरून रोज वाद. "चायत घालूक साखर नाय, आणि ह्यांच्या हातांका साखर!" असा वहिनींचा आवाज पत्र्यापलीकडून यायचा. मेस्त्री उत्तर देत नसत. पण दुसऱ्या दिवशी साखरेचा पुडा आणलेला असायचा.

मालवणातला एक हॉटेलवाला एकदा आला होता. गाडी जुनीच, पण मागचा पाइप असा बसवून घेतलेला की ती तिठ्यावर वळली की माझ्या काउंटरची काच थरथरायची. त्याला म्हणे गाडी आणखी पळवायची होती. मेस्त्री त्याच्याबरोबर फिरून आले, उतरले आणि म्हणाले, "माका आता थांबवन दाखव." तो म्हणाला, "मेस्त्री, माका पळूक व्हया, थांबूक नाय." मेस्त्री गॅरेजच्या दारातच खुर्ची टाकून बसले. शेवटी त्याने वैतागून जोरात ब्रेक मारून दाखवला. गाडी सरळ थांबायची ती तिरकी होऊन माझ्या पायरीला लागली. चारी ब्रेक नवे करून मेस्त्रींनी गाडी परत दिली आणि इंजिनाला शिवलेसुद्धा नाहीत. "आधी थांबूक शीक. पळूक कोणय शिकता." तो दोन वर्षं मेस्त्रींशी बोलत नव्हता. मग गगनबावड्याच्या घाटात कुठेतरी त्या ब्रेकांनी त्याला वाचवलं. तेव्हापासून दर गणपतीला मोदक पाठवतो. अजूनही पाठवतो, आता माझ्या दुकानात.

आता तांबडीबद्दल सांगते.

तांबडी ही त्यांच्या मुलाची, मंगेशची गाडी. वीस-बावीस वर्षांपूर्वीची, सोळाशे सीसीची. नवी होती तेव्हा कॉलेजातली पोरं भिंतीवर तिचा फोटो लावायची. मंगेश जहाजावर इंजिन रूममध्ये कामाला. पहिल्या जहाजावरून उतरला तो मुंबईहून ही जुनी गाडी घेऊनच घरी आला. रंग उडालेला, सायलेन्सर सुतळीने बांधलेला. गॅरेजच्या मागच्या बाजूला ती लावली आणि म्हणाला, "बाबा, हिका परत पळवया. आपण दोघांनी." मेस्त्री तिच्याभोवती दोनदा फिरले. "आज वळख," म्हणाले. ती ओळख पुढे सहा वर्षं चालली.

मधल्या काळात मालतीवहिनी गेल्या. चार दिवसांचा ताप काय आला आणि बाई गेलीच. मंगेशचं जहाज तेव्हा भर समुद्रात. तो घरी पोचला बाराव्याला. बापाने मुलाला काही विचारलं नाही, मुलाने बापाला काही सांगितलं नाही. दोघांनाही रडायला येत होतं, आणि दोघांनीही ते एकमेकांपासून लपवलं. मला त्या दिवशी दोघांनाही धरून गदागदा हलवावंसं वाटलं. तेव्हापासून त्यांच्यात बोलायला एकच विषय उरला, तांबडी.

दर रविवारी सकाळी दहा वाजता मंगेशचा फोन यायचा. मेस्त्री फोन स्पीकरवर टाकून तांबडीच्या बॉनेटवर ठेवायचे, आणि तासभर चालायचं. जेवलास काय, बरो आसस काय, असलं काही नाही. ब्रेक कुठले, रेडिएटर केवढा, क्लच कसला. मंगेशला नवं मोठं इंजिन घालायचं होतं. मेस्त्री म्हणायचे, असलेलंच नीट करू, नवीन घातलंस तर आरटीओत नोंदीसाठी माझी चप्पल झिजेल. ह्या एका मुद्द्यावर एक अख्खं वर्ष गेलं. मग गिअरबॉक्स. मुलगा म्हणायचा, आधी इंजिनाची ताकद वाढवू, मग बघू. बाप म्हणायचा, "इंजिन आरडता, गिअरबॉक्स सोसता. जो सोसता, तेका आधी घट कर." गिअर लांब ठेवायचे की आखूड, हायवेवर पळवायची की घाट चढायचा, ह्यावर आणखी एक वर्ष.

सोमवारी सकाळी मेस्त्री पेन्सिलीने लिहिलेला कागद घेऊन माझ्याकडे हजर. वर मथळा, 'तांबडीचा आराखडा'. खाली क्रमाने कामं. आधी ब्रेक, मग रेडिएटर, मग क्लच, मग गिअरबॉक्स, आणि सगळ्यात शेवटी इंजिनातला कॅमशाफ्ट. हा कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाने श्वास कधी आणि किती घ्यायचा ते ठरवणारा दांडा, असं मेस्त्रींनीच मला शिकवलं. दर आठवड्याला त्यात कुठेतरी एक आकडा बदललेला असायचा. मी टाइप करून द्यायची, प्रिंट काढायची, आधीची फाडायची. "मेस्त्री, ह्या जन्मात होतला मां?" असं मी चिडवलं की म्हणायचे, "वयनी, आराखडो बरो झालो की काम आपसूक होता."

मालतीवहिनींच्या वर्षश्राद्धाचा दिवस रविवारी आला. भटजी घरी यायचे होते अकराला. दहाला फोन वाजला. पत्र्यापलीकडे मी माझं काम थांबवून बसले. म्हटलं, आज तरी बोलतील. मंगेश क्लचच्या स्प्रिंगांबद्दल बोलला. मेस्त्री क्लचच्या स्प्रिंगांबद्दल बोलले. मग नुसता फोनमधून जहाजाचा घूं घूं आवाज. शेवटी मेस्त्री म्हणाले, "बरा. ठेव." मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आत बसून रडले.

मग तो कौलाचा दिवस आला. आमच्याकडे कुठलंही मोठं काम काढायचं तर आधी ग्रामदेवतेचा कौल घेतात. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, प्रश्न विचारतो. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मंगेश दोन महिन्यांची सुट्टी घेऊन आला होता, खास तांबडीसाठी. आराखडा तयार होता, अर्धं सामान आलं होतं, आता टाळायला काही उरलं नव्हतं. सोमवारी सकाळी मेस्त्री एकटेच देवळात आले. मी तिथेच होते, मुलीच्या स्थळाचा कौल घ्यायला, खांबाला टेकून माझ्या नंबराची वाट बघत.

"बा देवा म्हाराजा, तुझो लेकरू जयवंत तुझ्या पायाकडे इलो आसा. झिलाच्या गाडयेचा काम हातात घेवचा म्हणता. घेवचा असात तर उजवो कौल दी," गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "व्हय म्हाराजा," मेस्त्री पुटपुटले. दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील, उजवीकडची पाकळी पडली. चांगली ठसठशीत, मला खांबापासून दिसली.

तासाभराने मी दुकान उघडलं तेव्हा पत्र्यापलीकडे मेस्त्री मुलाला सांगत होते, "देवान डावो दिल्यान. औंदा नाय."

"बाबा, मी सुट्टी ह्याच्यासाठीच घेतलंय."

"मगे देवाफुडे मी काय करू?"

मंगेशने सगळं जग बघितलेलं, मोठाली इंजिनं उघडलेली. पण कौलापुढे गप्प बसला. आमच्याकडे नवस फेडायला लोक दहा-दहा वर्षं लावतील, पण डाव्या कौलावर काम काढणारा माणूस मी अजून बघितलेला नाही.

दुपारी मेस्त्री झेरॉक्सचं निमित्त करून आले. मी काही बोलले नाही, नुसतं बघितलं. तोंडाळ बाईचं गप्प बसणं माणसाला फार बोचत असावं, कारण ते आपणहून म्हणाले, "काम झाला की तो गाडी घेवन मुंबैक जातलो. मगे आयतवारी माका कशाक फोन करतलो?"

"अवो, बापूस मां तुमी? बापाशीक फोन करूक कारण लागता?"

"लोकांका लागणा नाय. आमका लागता," मेस्त्री म्हणाले आणि कागद न घेताच गेले.

मी मंगेशला सांगायला हवं होतं. दोन पावलांवर तो उभा होता. मी म्हटलं, बाप-लेकाच्या मधे आपण कशाला पडा. एरवी अख्ख्या कसालच्या मधे पडणारी मी.

मंगेश तीन आठवडे आधीच गेला. कंपनीचा फोन आला, त्याने हो म्हटलं. आणि मग जे व्हायचं ते झालं. पहिल्या रविवारी फोन आला नाही. दुसऱ्या रविवारी मेस्त्रींनी केला तर, "कामात आसंय, बाबा." पुढे पुढे तेही नाही. मेस्त्री मात्र दर रविवारी दहा वाजता फोन बॉनेटवर ठेवून समोर बसायचे. सोमवारी कागद घेऊन यायचे. त्यात एक अक्षर बदललेलं नसायचं. मी तोच आराखडा पुन्हा टाइप करायची. ज्या फोनसाठी हा माणूस देवाच्या नावावर खोटं बोलला, तो फोनच त्या खोटेपणाने बंद केला.

सात महिने असे गेले. एका सकाळी पलीकडे पाना पडल्याचा आवाज आला. मेस्त्रींच्या हातून कधी पाना पडत नसे. मी धावले. पक्षाघात होता. जीव वाचला, काठी घेऊन चार पावलं चालता यायला लागलं, पण बोटांत जोर राहिला नाही आणि वाचा गेली ती गेलीच.

मंगेश पुढच्या बंदरावर उतरून आला. त्याला बाराच दिवस लागले, पुन्हा बाराच. घरी बापाला बघून तो गॅरेजकडे आला, माझ्या दुकानात शिरला आणि स्टुलावर बसून राहिला. तेव्हा मी सांगितलं. "मंगेशा, तो कौल डावो नव्हतो रे. उजवो होतो. मी थंय होतंय."

कारण मी सांगितलं नाही, आणि त्याने विचारलंही नाही.  मग म्हणाला, "काकी, आराखड्याची प्रिंट देवा."

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. मेस्त्रींची बहीण शांती त्यांच्याकडे राहायला आली होती. ती त्यांना सकाळी आणून प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायची. मंगेश एकेक काम वाचून दाखवायचा आणि विचारायचा. काठीचा एक ठोका म्हणजे होय, दोन म्हणजे नाही. चुकीचा पाना उचलला तर ठोक्यांवर ठोके. ब्रेक झाले, रेडिएटर झाला, क्लच झाला. गिअरबॉक्स उतरवून त्यातले गिअर बाकावर फडक्यावर मांडले तेव्हा मेस्त्री खुर्चीतून उठले, एकेकाचे दाते अंगठ्याने चाचपून बघितले आणि त्यातला एक गिअर बाजूला काढला. मंगेशने तो उजेडात धरला, तर केसाएवढी चीर. मंगेश दिवसभर बोलत असायचा, जहाजावरच्या गजाली, कुठल्या बंदरात काय खाल्लं, कोण पडला, कोण हसला. आजवर न बोललेलं सगळं एकदम काढायला बसल्यासारखा. मेस्त्री ऐकायचे. त्यांच्याकडे आता ठोक्यांखेरीज काही नव्हतं. हे मला फार लागायचं. ज्या दोन महिन्यांत बोलता आलं असतं, ते दोन महिने त्यांनी स्वतःच्या हाताने घालवले होते.

राहिला होता तो कॅमशाफ्ट. त्याचं दुकान कोईमतूरचं, मेस्त्रींनीच कधीतरी निवडलेलं. मंगेशच्या सुट्टीचे दहा दिवस उरले असताना कुरिअरवाला खोकं माझ्याकडे देऊन गेला. सगळ्या हायवेचं कुरिअर माझ्याकडेच पडतं. हातभर लांब आणि भलतंच जड. मी मंगेशला हाक मारली. त्याने ते काउंटरवर उभं धरलं, वजन बघितलं, आणि परत माझ्याकडे सरकवलं.

"काकी, ह्यो बॉक्स तुमच्याकडेच ऱ्हवांदे. बाबांका सांगू नकात. पार्ट येवक नाय म्हणान मी सांगतंय."

"अरे, पण इलो मां? धा दिवस आसत. होता काम."

तो हसायला गेला, पण जमलं नाही. "काम झाला, तर मी फुडच्या आयतवारी काय बोलू तेंच्याशी?"

मी खोकं काउंटरखाली कोंबलं आणि वर कागदांचे गठ्ठे रचले. पत्र्यापलीकडे त्याने बापाला सांगितलेलं ऐकलं, कॅम आला नाही, इंजिन पुढच्या सुट्टीत उघडू. कौलाच्या वेळी मी एकदा गप्प बसले होते. ह्या वेळी गप्प बसताना वाईट वाटलं नाही.

मग पुन्हा रविवार सुरू झाले. दहा वाजता बॉनेटवर फोन, आता शांती तो स्पीकरवर टाकून द्यायची. मंगेश विचारायचा, "बाबा, कॅम अजून येवक नाय, तर बदलून मवाळ घेवया काय जरा तिखट?" पुढे त्याचं तोच वाद घालायचा, आणि मधे मधे काठीचे ठोके. हळूहळू कॅम मागे पडायचा. एका रविवारी म्हणाला, "काल जहाजार बांगडे गावले, बाबा. मी तिरफळा घालून केलंय. पण आयेच्यासारखे झाले नाय." काठीचे दोन ठोके पडले. मग मंगेश रडला आणि मेस्त्री रडले, आणि कुणीही फोन ठेवला नाही. मालतीवहिनी जाऊन पाच वर्षं होत आली होती.

मेस्त्री गेले तेव्हा मंगेशला उतरायला पाच आठवडे बाकी होते. झोपेत गेले. मंगेश ह्याही वेळी बाराव्यालाच पोचला. क्रियाकर्म आटोपल्यावर मी खोकं त्याच्यासमोर ठेवलं. आणि आधीच्या महिन्यात घडलेलं, त्याला फोनवर सांगायला माझी जीभ रेटली नव्हती ते, तेव्हा सांगितलं. त्याने ते दोनदा सांगायला लावलं. तांबडी अजून गॅरेजच्या मागे आहे, इंजिन न उघडलेली. त्याला मी त्याबद्दल काही विचारत नाही.

सांगितलं ते असं. रविवारची सकाळ होती, दहाला थोडा वेळ होता. मेस्त्री काठी टेकत माझ्या दुकानात आले, बसायला म्हणून. मी कागदाचा नवा गठ्ठा शोधायला काउंटरखाली वाकले होते आणि सगळा पसारा बाहेर काढून ठेवला होता. त्यात ते खोकंही होतं, कोईमतूरचं लेबल वर. मेस्त्रींनी बघितलं. काठीचं टोक त्यावर ठेवून जरासं रेटून पाहिलं. आत काय आहे ते ह्या माणसाला उघडून बघायची गरजच नव्हती. माझी भंबेरी उडाली. मी म्हणायला लागले, "मेस्त्री, तां काय झाला, मंगेश म्हणालो..."

त्यांनी मान हलवून मला थांबवलं. मग काठीच्या टोकाने ते खोकं इंच इंच करत मागे ढकललं, दमले, थांबले, पुन्हा ढकललं, ते काउंटरखालच्या अंधारात पार भिंतीला लागेपर्यंत. माझ्याकडे बघितलं. बोट कसंबसं ओठांवर नेलं आणि तिथेच धरून ठेवलं.

तेवढ्यात पलीकडे फोन वाजला. मेस्त्री वळले आणि जमेल तेवढ्या घाईने निघाले. मी तशीच जमिनीवर बसून राहिले. पत्र्यातून मंगेशचा आवाज आला, "बाबा, कॅमचा अजून काय कळाक नाय हां. वेळ लागतलो म्हणतत."

काठीचा एकच ठोका पडला.